बर्फ नसलेला वसंत

माझा पहिला वसंत रशियन होता. भंडाऱ्याच्या आमच्या घरी मामाने आणलेलं एक चित्रांचं पुस्तक होतं, मॉस्कोत छापलेलं, पण मराठीत. त्या काळी अशी पुस्तकं अगदी किरकोळ किमतीला मिळायची आणि त्यांचा कागद आमच्या क्रमिक पुस्तकांना लाजवेल असा असायचा. त्यातलं अस्वल हिवाळाभर गुहेत झोपायचं आणि वसंत आला की डोळे चोळत बाहेर यायचं. बाहेर बर्फ वितळून ओहोळ वाहत असायचे, पांढऱ्या खोडांच्या झाडांना पोपटी पानं फुटलेली असायची आणि एक जाहक पाठीवरचे काटे फेंदारून उन्हात बसलेला असायचा. ते पुस्तक मी इतक्यांदा वाचलं की त्याची शिवण सुटली.

होळीला आम्ही साकोलीला आजोळी जायचो. एसटीच्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेले दिसायचे, मैलच्या मैल. ते बघत मी आईला विचारायची, वसंत कधी येणार गं? आई म्हणायची, आलाय की, बाहेर बघ. मला ते पटायचं नाही. बर्फ कुठे होता?

आपल्याकडच्या रानातल्या वसंतावरच्या, मुलांसाठीच्या या चित्रांच्या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा सगळ्यात आधी ती खिडकी आठवली. माझ्याच वाट्याला हे आलं असंही नाही. मराठी मुलांच्या पुस्तकांतला वसंत बराच काळ असाच बाहेरून आलेला आहे. कधी रशियातून, कधी इंग्लंडातून, हल्ली टीव्हीवरून. ट्यूलिप फुलतात, ससे उड्या मारतात, अस्वल जागं होतं. आपल्याकडचं अस्वल मुळात झोपलेलंच नसतं, मग जागं कुठून होणार?

या पुस्तकाची चित्रकर्ती मुंबईत वाढलेली. तिने पहिली सहा चित्रं पाठवली, ती बघून मी चार दिवस फोन केला नाही. चित्रं सुरेख होती. हिरव्यागार रानात पळस, हिरव्या पानांच्या गर्दीत त्याची केशरी फुलं, खाली लुसलुशीत गवतावर हरणं. पळसाला पाने तीनच, हे आपण उठता बसता म्हणतो, पण फुलण्याच्या दिवसांत त्याच्यावर ती तीनही नसतात, हे सांगायचं कसं? शेवटी मी फोनवर चित्रांबद्दल काहीच बोलले नाही. म्हटलं, मार्चमध्ये माझ्याकडे ये, आठ दिवस राहा.

ती आली आणि पहिल्या दिवशी गप्प होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "इथे तर सगळं वाळलंय." मी म्हटलं, हाच वसंत.

आपल्या पानझडी रानाचा वसंत पानं गळण्याने सुरू होतो. पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी उतरत जातं. पानांवाटे पाणी उडून जाऊ द्यायचं नाही म्हणून झाडं पानंच टाकून देतात. आणि त्याच उघड्या फांद्यांवर पळस, काटेसावर, पांगारा फुलतात. आड यायला पानं नसतात, त्यामुळे फूल लांबून दिसतं, पाखरांना आयतं सापडतं. पावसाळ्याच्या तोंडावर बी तयार हवं, तर घाई आत्ताच करायला हवी. कुसुमाच्या झाडाला याच दिवसांत पालवी फुटते ती लालभडक, दुरून बघणारा तिला फुलंच समजतो. खाली मात्र सागाची पानं पडलेली असतात. थाळीएवढी पानं, पाय पडला की पापडासारखी वाजणारी. रानात आवाज न करता चालणं कधीच अवघड नसेल इतकं मार्चमध्ये असतं, आणि हे माणसाइतकंच बिबट्यालाही लागू आहे.

पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. पळस त्या आधीच, फाल्गुनात फुलून घेतो, म्हणजे हिशेबाने शिशिरात. रंगपंचमीला त्याच्या फुलांचा रंग काढायचा तर त्याला पाडव्यापर्यंत थांबून चालत नाही. शिवाय वसंतपंचमी येते माघात. ज्यांना या गोंधळात रस असेल त्यांनी दुर्गा भागवतांचं १९५६ सालचं ‘ऋतुचक्र’ पुन्हा काढावं. महिन्यामहिन्याने बदलणाऱ्या निसर्गाकडे डोळे उघडे ठेवून कसं बघावं, हे मराठीत त्याहून चांगलं कुणी दाखवलेलं नाही, असं माझं मत आहे. आम्ही या पुस्तकात महिन्यांची नावं घातलीच नाहीत. रानाने सुरुवात केली तिथून सुरुवात, आणि पावशा ओरडू लागला तिथे शेवट.

पळसाच्या पानावर (पुस्तकाच्या पानावर, झाडाच्या नव्हे) मुलांसोबत थोडं रेंगाळावं. चित्रकर्तीने इथे अख्खं झाड काढायचं सोडून एकच फांदी काढली आहे, मोठी करून. कळीचा खालचा भाग बघा, गडद तपकिरी, जवळजवळ काळा, मखमलीसारखा. त्यातून बाहेर आलेली बाकदार पाकळी पोपटाच्या चोचीसारखी दिसते. संस्कृतात या फुलाला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नाही?’ एका झाडाचं नावच एक प्रश्न असावं, याचं मला अजून नवल वाटतं. फुलाला वास नाही. लागतही नाही, कारण येणारी पाखरं रंगावर येतात. मध प्यायला बुलबुल येतात, शिंजीर येतात, खार येते आणि थव्याने येतात पळसमैना. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. यांनाच कुणी भोरड्या म्हणतात. या मैना आपल्याकडे पाहुण्या असतात. त्यांची घरटी मध्य आशियात आणि त्याच्याही पश्चिमेला. एप्रिलच्या सुमारास त्या परत निघतात, तोवर तिकडचा बर्फ वितळलेला असतो. म्हणजे माझ्या लहानपणीच्या पुस्तकातला वसंत आणि एसटीच्या खिडकीतला वसंत, दोन्ही पाहिलेलं पाखरू त्या पळसावर बसलेलं होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं इतकंच.

काटेसावरीचं चित्र पटकन कळण्यासारखं आहे. लाल, मांसल, तळहाताएवढी फुलं. वर माकडं आणि कावळे, खाली पडलेली फुलं खाणारं भेकर. एवढंच सांगते की ते भेकर मुलांना लगेच सापडत नाही आणि सापडू द्यायची घाई करू नये.

या पुस्तकातलं सगळ्यात मोठं चित्र मोहाचं आहे, दोन पानांवर पसरलेलं. त्याची एक गोष्ट आहे.

मोहाची फुलं रात्री उमलतात. वटवाघळं त्यांच्यावर येतात. मग पहाटेपासून ती गळायला लागतात, टप, टप, थांबून थांबून, जणू पाऊस येऊ की नको म्हणतोय. फूल म्हणजे काय, मोत्याच्या रंगाची, रसाने फुगलेली छोटी घागर. हातात धरली तर चिकटते, तोंडात टाकली तर आधी गोड लागते आणि मागून एक उग्र वास नाकात चढतो. ही घागर गळते तेव्हा फळ धरणारा भाग वर फांदीवरच राहतो. म्हणून कितीही फुलं वेचली तरी झाडाचं काही जात नाही. उजाडायच्या आत बाया, म्हातारी माणसं, शाळेत जायच्या आधीची पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. आणि त्यांच्या आधी, किंवा त्यांच्याच वेळी, अस्वल.

चित्रकर्तीने हे सगळं माझ्याबरोबर पाहिलं होतं. तिने झाड काढलं, फुलं काढली, अस्वल काढलं. सुंदर चित्र झालं. आम्ही ते घेऊन नागझिऱ्याच्या बफरमधल्या एका गावात गेलो, तिथल्या मुलांना दाखवायला. (नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या भोवतालच्या पट्ट्यासाठीचा ‘बफर’ हा शब्द गावकऱ्यांच्या बोलण्यात आता ‘बांध’ किंवा ‘धुरा’ इतका रुळला आहे.) चौथीतला एक मुलगा ते चित्र बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मोह त पहाटं पडते. हे त दुपार दिसून राह्यली."

आम्ही दोघी चित्रावर वाकलो. झाडाची सावली बुंध्याला चिकटून होती, भर बाराची. तिने फुलं पहाटेची काढली होती आणि ऊन दुपारचं. संपादकाने, प्रकाशकाने आणि मी, तिघांनी ते चित्र पास केलं होतं.

आता पुस्तकात आहे ती दुसरी आवृत्ती. आकाश अजून करडं आहे, उजेड आडवा येतोय आणि झाडाखाली एक टोपली ठेवलेली आहे. टोपलीवालं माणूस चित्रात नाही. ते कुठे असेल, हे मुलांनी ठरवावं.

अस्वलाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण त्याच्याविषयी आपल्या मुलांच्या डोक्यात सगळ्यात जास्त उधारीचा माल भरलेला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना अस्वल माहीत आहे ते बल्लू म्हणून. किपलिंगच्या पुस्तकातलं रान सिवनीचं, म्हणजे आपल्या पेंचला लागून असलेलं. पण बल्लूला त्याने तपकिरी म्हटलं आहे. त्या रानातलं अस्वल काळं, केसाळ, छातीवर पांढुरका पट्टा असलेलं. हा प्राणी खातो काय? मध, मोहफुलं, टेंभरं, बहाव्याच्या शेंगांतला गर आणि सगळ्यात जास्त वाळवी. लांब नख्यांनी वारूळ फोडतो, तोंड आत घालतो, आधी फुंकर मारून माती उडवतो आणि मग ओढून घेतो. त्याला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात, ती फटच त्याची नळी. नाकपुड्या तो मिटून घेऊ शकतो, म्हणजे माती आत जात नाही. या फुंकण्या-ओढण्याचा फुर्र फुर्र आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणी फटफटी सुरू करायचा प्रयत्न करतंय.

पिल्लं थंडीत गुहेत जन्मलेली असतात. वसंतात ती आईच्या पाठीवर बसून हिंडतात, बहुतेक दोन, पाठीवरचे लांब केस मुठीत धरून. चित्रात एक पिल्लू पुढे बघतंय आणि एक मागे. यात गोडवा आहे, पण पुढचं सांगायला हवं. पिल्लं पाठीवर असलेली अस्वलीण आणि मोह वेचणारी बाई पहाटेच्या अंधारात एकाच झाडाखाली येतात आणि दरवर्षी यात माणसं जखमी होतात. अस्वलाला नीट दिसत नाही, ते दचकतं आणि अंगावर येतं. हे पुस्तकाच्या मजकुरात नाही. पाच वर्षांच्या मुलाला ते सांगायचं की नाही, यावर आमचं भांडण झालं. शेवटी टोपली ठेवली आणि माणूस वगळला, ही आमची तडजोड.

चितळ आणि वानरांच्या चित्राकडे आता वळते. वानर झाडावर बसून खातं ते उधळत. अर्धी पानं, अर्धी फुलं खाली पडतात आणि चितळांचा कळप त्या झाडाखालून हलत नाही. वरून वानराला लांबचं दिसतं, खालून चितळाला वास येतो. कुणीही आधी ओरडलं तरी दोघं सावध. या दिवसांत चितळाच्या बहुतेक नरांची शिंगं मखमल उतरून टणक झालेली असतात. सांबराचं उलटं, त्याची शिंगं पडायला लागतात. चित्रकर्तीने आधी दोघांनाही सारखीच डौलदार शिंगं दिली होती. आता सांबर बोडकं आहे, आणि उजव्या कोपऱ्यात त्याचं पडलेलं शिंग साळींदर कुरतडतंय. वानरांच्या टोळीत काय काय राजकारण चालतं, ते मात्र या वयाला झेपणार नाही. त्यासाठी मुलं मोठी झाली की व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ आहेच. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार वानरांच्या गोष्टीला मिळाला होता, हे मुलांना सांगून बघा. माझ्या पुतण्याला ते खरं वाटलं नव्हतं.

धनेशाच्या पानावर एक झडप आहे. ती उघडते. या झडपेसाठी प्रकाशकाशी तीन बैठका झाल्या, कारण ती हाताने चिकटवावी लागते आणि पुस्तकाची किंमत त्याने वाढते. तरी ती ठेवली, कारण झडपेशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. राखी धनेश आपल्याकडे शहरातही दिसतो, पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या झाडांवरसुद्धा. मार्चच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते, स्वतःच्याच विष्ठेने. चोच बाहेर येईल एवढी एकच फट ठेवते. आत ती अंडी घालते, पंखांची पिसं गाळून टाकते, म्हणजे उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. सगळा भरवसा बाहेरच्या नरावर. तो दिवसभर उंबराची, वडाची फळं, कधी एखादा सरडा आणून त्या फटीतून भरवत राहतो. एप्रिलच्या उन्हात, जेव्हा बाकी पाखरं दुपारी गप्प बसतात, तेव्हाही त्याची फेरी चुकत नाही. झडप बंद असली की मुलांना नर दिसतो आणि फटीतून आलेलं चोचीचं टोक. उघडली की आत सगळा पसारा. आमच्या चाचणीत सगळ्या मुलांनी ती उघडली, मिटली, उघडली, आणि एका मुलीने मिटून वर हात ठेवला. म्हणाली, साप येईल ना.

वाघ या पुस्तकात नाही. म्हणजे आहे, पण पाणवठ्याच्या चिखलात उमटलेला पंजा एवढाच. मुखपृष्ठावर वाघ नाही म्हटल्यावर एका विक्रेत्याने मान हलवली, जंगलाचं पुस्तक आणि वाघ नाही? मी त्याला म्हटलं, मी तीस वर्षं रानात जातेय, बहुतेक वेळा मलाही पंजाच दिसलाय.

वणव्याचं पान ठेवायचं की नाही, हाही वाद होता. वसंत म्हटलं की कवींना कोकीळ आठवतो, वनखात्याला आग आठवते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे सरकारी कागदावर आगीचा हंगाम. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधीच साफ करून ठेवायच्या असतात. आणि बऱ्याच आगी लागतात त्या मोहाच्याच झाडाखाली, कारण पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत म्हणून वेचणारे तो पेटवून देतात. आम्ही ज्वाळा काढल्या नाहीत. काळी पडलेली जमीन आहे, अजून धूर निघतोय, आणि त्या धुराच्या कडेला कोतवाल पक्षी पळणारे किडे टिपतायत. एका बाजूला वाईट चाललेलं असताना दुसऱ्या कुणाचं तरी पोट भरत असतं, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. खरं तर त्या पानावर मुलं रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कोतवाल मोजले. सात आहेत.

नावांविषयी एक खुलासा. पक्ष्यांची नावं आम्ही मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’शी ताडून घेतली आहेत. तरी काही ठिकाणी, झाडांच्या बाबतीतही, विदर्भात बोलतात तीच ठेवली. तेंदूला आम्ही टेंभरूच म्हटलं आहे. एका पुण्याच्या शिक्षिकेने विचारलं, मुलांना हे कळेल का? मी म्हटलं, ट्यूलिप कळलं तसं.

वाचताना मोठ्यांनी एक पथ्य पाळावं. बोट ठेवून ‘हे काय? हे काय?’ असं विचारत सुटू नये. त्याची परीक्षा होते आणि मग मूल चित्र बघायचं सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. मजकूर मुद्दाम थोडा ठेवला आहे, एका पानावर दोन ओळींहून जास्त नाही. तो एकदा वाचावा आणि गप्प बसावं. मूल जे बोलेल ते ऐकावं.

छपाईला जाण्याआधी आम्ही नमुना प्रत घेऊन पुन्हा त्याच गावात गेलो. आता पाचवीत गेलेल्या त्या मुलाने सगळी पानं सोडून मोहाचं चित्र उघडलं. सावली तपासली. मग टोपलीवर बोट ठेवलं. "हे माह्या आजीची हाय. कडा उसवेल हाय, पाहा." खरंच तशी होती, चित्रकर्तीने आदल्या वर्षी त्यांच्याच ओसरीवर बसून ती काढली होती. त्याने पुस्तक मिटलं, काखेत मारलं आणि आजीला दाखवायला गेला. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो, चहा झाला, तो काही आला नाही. त्यामुळे शेवटच्या सगळ्या दुरुस्त्या आम्हाला मोबाइलवरच्या फोटोंवरून कराव्या लागल्या. कुठे काही राहिलं असेल तर ते यामुळे.